मर्यादेच्या निम्मे

आमच्या घरात दोन शास्त्रज्ञ आणि एक चष्मेवाला राहतो. चष्मेवाला मी. शास्त्रज्ञ म्हणजे माझे वडील आणि माझी बायको. दोघांची पर्यावरण विज्ञान संस्था एक, प्रयोगशाळा एक आणि नदीही एकच. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खुर्चीत ही बसली. ती खुर्ची बाबांच्या वजनानं डावीकडे कललेली आहे, बदलून घे, असं मी हिला कितीदा सांगितलं. हिनं पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि कामाला लागली.

पदकाची बातमी आली तेव्हा आम्ही नाश्त्याला बसलो होतो. बाबांनी फोन नाकाशी धरला, मग हातभर लांब धरला, मग भिंग शोधलं. मुलाचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं आणि बाप भिंगातून वाचतोय, हे दृश्य आमच्याकडे रोजचं आहे. मी करून दिलेला चष्मा त्यांना 'जरा जड' वाटतो. पिकतं तिथे विकत नाही, त्याला कोण काय करणार! भिंगातून त्यांनी निरोप दोनदा वाचला आणि फोन हिच्यापुढे सरकवला.

"बघ गं, मला दिसतंय तेच लिहिलंय का?"

तेच लिहिलं होतं. विज्ञान अकादमी बाबांना आपलं सर्वात मोठं पदक देणार होती, नदीवर जन्मभर केलेल्या कामासाठी. ही हातातला पाव टाकून उठली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून नुसती हसत उभी राहिली. तो आनंद खरा होता. पुढे जे झालं ते ऐकून लोकांना वाटतं की हिच्या मनात आधीपासून काहीतरी असणार. तसं काही नव्हतं, मी तिथेच बसलो होतो.

बाबांचं काम म्हणजे एक रेघ. संस्थेच्या स्वागतकक्षात, पाहुण्यांच्या सोफ्याच्या वर, दरवाजाएवढा आलेख टांगलेला आहे. त्यात एक निळी रेघ डावीकडे वरून निघते आणि उजवीकडे खाली येते, अगदी शहाण्या मुलासारखी, कुठे धडपडत नाही. नदीच्या पाण्यात कॅडमियम नावाचा विषारी धातू किती होता आणि तो वर्षानुवर्षं कसा कमी होत गेला, ते ती सांगते. वरच्या अंगाला पूर्वी बॅटऱ्यांचे कारखाने होते, ते पुढे बंद पडले. नदी सुधारली हे या रेघेनं जगाला सांगितलं. संस्थेत तिला 'सरांची रेघ' म्हणतात. शाळांच्या सहली येतात, मुलं तिच्याखाली उभी राहून फोटो काढतात आणि त्यातलं एखादं पोर हटकून विचारतं की रेघ अशीच खाली येत राहिली तर पुढे जमिनीवर येईल का.

ती रेघ काढायला ज्या बाटल्या भरल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त हिनं भरल्या आहेत. लग्नाआधी ही बाबांचीच विद्यार्थिनी. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, बाटली प्रवाहाकडे तोंड करून बुडवायची, परत येऊन मोजायचं, लिहायचं, रिकाम्या बाटल्या आम्लात भिजत घालायच्या. हिचे पांढरे कोट आम्लानं चाळणी झालेले असत. पण बाबांच्या एकाही शोधलेखावर हिचं नाव नाही. लग्न ठरलं त्याच महिन्यात एक लेख छापायला जायचा होता. बाबांनी हिला बोलावून सांगितलं, "आता तू घरातली झालीस. लोक म्हणतील सुनेला पुढे करतो. तुझं नाव आपण आभारात घेऊ." ते आभार लेखाच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात आले, 'तांत्रिक साहाय्याबद्दल'. ही तेव्हा हसली होती. पुढच्या लेखालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. माणूस एकाच विनोदाला किती वेळा हसणार? बाबा निवृत्त झाल्यावर हिच्या नावानं लेख निघतील अशी माझी समजूत होती. पण नवे लेखही सरांच्या रेघेची पुढची टोकं होती, आणि रेघ सरांची.

वशिलेबाजीचा डाग नको म्हणून बाबा तसं वागले, हे खरंच आहे. त्यांच्या सचोटीबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. फक्त त्या सचोटीचा खर्च प्रत्येक वेळी हिच्याच खात्यावर पडायचा.

पदकाच्या बातमीनं संस्थेत गडबड उडाली. संचालकांना सगळे पाठीमागे फीतकापे म्हणतात, कारण उद्घाटनाचा एकही कार्यक्रम ते चुकवत नाहीत. स्वच्छतागृह दुरुस्त झालं तेव्हाही दाराला फीत होती. त्यांनी हिला बोलावून सांगितलं की सोहळ्यासाठी पुस्तिका काढायची, आणि भिंतीवरचा आलेख जुना झाला, नवा करायचा. "या वेळी नुसती रेघ नको, ठिपके पण दाखवा. लोकांना कळू दे किती मेहनत आहे." हा हुकूम त्यांनी दिला नसता तर गोष्ट तिथेच राहिली असती. श्रेय द्यायचंच झालं तर थोडं फीतकाप्यांनाही द्यायला हवं.

आजवर आलेखात पाच-पाच वर्षांची सरासरी काढून मग रेघ ओढत. सरासरी म्हणजे इस्त्री. सुरकुत्या जातात, त्याबरोबर बाकीचंही थोडंफार जातं. हिनं पहिल्यांदाच इस्त्री न करता प्रत्येक बाटलीचा एकेक ठिपका मांडला.

त्या दिवशी ही संस्थेतून घरी न जाता माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. मी एक काच घासत होतो. ही तपासणीच्या खुर्चीत, अक्षरांच्या फळ्यासमोर जाऊन बसली.

"डोळे दुखतायत का?" मी विचारलं.

"नाही. एक सांग. एखाद्याला शेवटची ओळ वाचता आली नाही तर तू काय लिहितोस? फळ्यावर अक्षरंच नाहीत असं?"

"असं लिहिलं तर दुकान बंद करावं लागेल."

"आमच्याकडे तेच असतं. यंत्राला एका मर्यादेपर्यंत दिसतं, त्याच्या खालचं दिसत नाही. समज, मर्यादा दहा. पाण्यात दहापेक्षा कमी असेल तर यंत्र म्हणतं, आढळलं नाही. आता लिहायचं काय? शून्य लिहिलं तर नदीला फुकटचं प्रमाणपत्र. दहा लिहिलं तर फुकटचा आळ. म्हणून मर्यादेच्या निम्मे लिहायचे. पाच. पुस्तकातच आहे तसं, सगळे करतात. आपल्याकडे बाबांनी सुरू केलं."

"बरं."

"मग नवं यंत्र आलं. त्याला चारपर्यंत दिसायचं. त्यालाही बहुतेक बाटल्यांत काही दिसलं नाही, तर काय लिहिलं?"

"दोन."

"आणि आताचं यंत्र एकपर्यंत बघतं."

"अर्धा," मी म्हणालो, आणि मग मला कळलं. हातातली काच मी खाली ठेवली. "म्हणजे पाच, दोन, अर्धा. नदीला काही झालंच नाही. यंत्रं सुधारत गेली."

"ठिपके सरळ रांगेत बसलेत. तीन फळ्या ठोकल्यासारखे. नदी अशी रांगेत उभी राहते का कधी? जे खरे मोजलेले आकडे आहेत ते थोडे आहेत, त्यांना ना चढ ना उतार. सरांची रेघ म्हणजे आम्ही कुठलं यंत्र कधी विकत घेतलं त्याचा इतिहास आहे."

"मग नदी सुधारली की नाही?"

"माहीत नाही."

"काहीतरी तर सांगशील?"

"तेच सांगतेय. माहीत नाही. सुधारली असेल, पहिल्यापासून तेवढीच असेल. आपल्याला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं त्याला आपण आकडा दिला."

मी तिला पाणी दिलं. मला प्रथम आठवले ते बाबा, पदकाचं भाषण आरशासमोर म्हणून बघणारे. मग मी हिच्याकडे पाहिलं. हिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, आणि नवरा आहे म्हणून मला ते दिसलं. ही आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी घेऊन बसली होती जे सर्वस्वी हिचं होतं.

"लिहिणार?" मी विचारलं.

"लिहिणार. माझ्या एकटीच्या नावानं." मग म्हणाली, "एवढं एक तरी माझ्या नावावर लागू दे."

हिनं संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाबांना सांगितलं. मी मध्ये बसलो होतो. आमच्या टेबलावर माझी जागा तशी कायमच मधली आहे. बाबांनी पहिली दहा-पंधरा वाक्यं शिकवणीत घालवली. निम्म्याचा नियम काय, तो का, कोणत्या पुस्तकात. ही ऐकत राहिली. मग हिनं ठिपक्यांचा कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. बाबांनी भिंग घेतलं. भिंग एका फळीवरून सरकत गेलं, दुसरीवर आलं, तिसरीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"यंत्र बदलल्यावर रेघ पायरीसारखी उतरली असती," ते म्हणाले. "उतार कसा आला असता?"

"तेच मला कळत नाहीये," ही म्हणाली.

"मग आधी कळून घे," असं म्हणून बाबा कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ताट अर्धं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हिनं फीतकाप्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की शास्त्रात मतभेद असायचेच, पाहुणे ठरलेले आहेत, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. "सोहळा होऊ दे. मग सावकाश बघू. नदी काय कुठे पळून जातेय?" नदी दुसरं काय करते, असं हिच्या अगदी ओठांवर आलं होतं म्हणे.

बाबा दोन दिवस खोलीतून फारसे बाहेर आले नाहीत. त्यांचा मला राग येत होता आणि दयाही. शहात्तराव्या वर्षी माणसानं काय करावं? आई गेल्यापासून त्यांच्याकडे ती रेघच उरली होती. तिच्याबद्दल ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. आणि खोटेपणा तर त्यांनी कुठेच केला नव्हता. नियम त्यांना ठाऊक, यंत्रं त्यांनीच निवडलेली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात इतकी वर्षं शेजारी राहिल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. कारखाने बंद पडले होते, काठावर लोक फिरायला येऊ लागले होते, नदी सुधारावी असं सगळ्यांच्याच मनात होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. इथे ते भिंतीवर दिसलं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा टेबलाशी येऊन बसले. ही लेख लिहीत होती.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि उतार का आला तेही सापडलं. नवं यंत्र आलं तेव्हा जुनं आपण टाकून दिलं नव्हतं. वरच्या घाटांच्या बाटल्या कितीतरी वर्षं जुन्यावरच लावायचो आपण, खालच्या नव्यावर. एकेक घाट हळूहळू नव्यावर आणला. म्हणून पायरी झिजून उतार झाला."

हिनं पेन खाली ठेवलं. हिच्या युक्तिवादात नेमकी हीच वीट कमी होती, आणि ती बाबांखेरीज कुणी देऊ शकलं नसतं, कारण कुठली बाटली कुठल्या यंत्रावर लावायची हे तेच ठरवत, आणि ते ही संस्थेत यायच्या आधीपासून चालत आलेलं. दोघं मग तासभर बोलत बसले. मी दारातून बघत होतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकं बरं की आता सगळं सुरळीत होणार अशी माझी खात्री झाली. माझ्या खात्रीला आमच्या घरात फारशी किंमत नाही, ती योग्यच आहे.

उठताना बाबा म्हणाले, "लेखावर माझं नाव घाल. पहिलं. चूक माझी आहे, दुरुस्तीही माझ्या नावानं जायला हवी."

बाबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, ते अगदी मनापासून बोलत होते. आपली चूक स्वतः जाहीर करणारा थोर माणूस, असं उद्या सगळे म्हणणार होते आणि पदकाला झळाळी येणार होती. आणि ही पुन्हा मागे. त्या क्षणी मला वडिलांचा जितका राग आला तितका आजवर कधी आला नव्हता. पण तोंड उघडायची वेळ माझ्यावर आली नाही.

"नको बाबा," ही म्हणाली. "लोक म्हणतील सासऱ्याला पुढे करते."

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी पाहिला नाही, पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा बाबा लेखाचं पहिलं पान हातात धरून उभे होते.

"हे नाव कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं. लग्नाआधीचं. पदवीवर तेच आहे."

"आमचं आडनाव चालत नाही?"

"तुमचं आडनाव लावलं तर पहिला प्रश्न येईल, सरांची कोण? लेख मग कोण वाचणार?"

आडनाव माझंही होतं, हे त्या दोघांच्या लक्षात नव्हतं. मला थोडं लागलं. लागलं म्हणजे किती, तर संध्याकाळी दुकानात एका गिऱ्हाईकाच्या चष्म्याची दांडी मी उलटी बसवून दिली, एवढं. मग विचार केला की ज्या नावानं ही मला पहिल्यांदा भेटली ते नाव हिच्याकडे परत येत असेल तर मी कशाला रडतोय?

बाबांना मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानंतर घरात त्यांचं आणि हिचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. "तिला सांग, मीठ जास्त झालंय." "त्यांना सांग, आज स्वयंपाक तू केलायस." इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये मी मीठ कमी करतोय. हिनं लेख पूर्ण केला. जुन्या-नव्या यंत्रांची माहिती बाबांनी दिली होती, म्हणून शेवटी त्यांचे आभार मानले, बारीक अक्षरात. मला वाटलं, झाली फिट्टंफाट. पण हिनं ते सूड म्हणून लिहिलं नव्हतं. जेवढं देणं होतं तेवढं मोजून दिलं होतं, आणि तेच जास्त झोंबणारं होतं.

लेख गेला. ज्या नियतकालिकाकडे गेला त्याचे संपादक अकादमीच्या पदक समितीवरही होते. या क्षेत्रात माणसं मोजकीच, जिकडे जावं तिकडे तीच भेटतात. त्यामुळे एका रविवारी दुपारी अकादमीच्या सचिवांचा फोन आला.

बाबांना कमी ऐकू येतं, त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. त्यांचं खासगी असं काही राहिलेलंच नाही. आम्ही तिघं टेबलाशी होतो. ही बाटल्यांच्या चिठ्ठ्या कापत होती. सचिवांचा आवाज गोड होता, आणि थोडा ओशाळलेला.

"सर, एक नाजूक विषय आहे. तुमच्या कामावर आक्षेप घेणारा एक लेख आमच्या निदर्शनास आणून दिलाय कुणीतरी. तुमच्याच संस्थेतल्या एक बाई आहेत. आम्ही तर नाव कधी ऐकलेलं नाही. म्हणजे सर, तुमच्यासारख्यांच्या कामावर असा लेख... समितीत दोन मतं पडलीत. काहींचं म्हणणं, संस्थेतलंच काहीतरी राजकारण असेल, लक्ष देऊ नये. पण शेवटी तुमचेच आभार मानलेत त्यांनी. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुमची ओळख आहे का या बाईंशी?"

हिच्या हातातली कात्री थांबली.

मी बाबांकडे बघत होतो. त्यांना फार काही करायचं नव्हतं. खोटं तर मुळीच बोलायचं नव्हतं. 'अहो, सून आहे माझी' एवढं खरं बोलले असते तरी काम झालं असतं. पलीकडून एक सुटकेचं हसू आलं असतं, घरगुती रुसवा म्हणून लेख बाजूला पडला असता, पदक ठरल्या दिवशी मिळालं असतं. आणि हिचं नाव, इतक्या वर्षांनी एकदाच कागदावर आलेलं, परत आमच्या घरात येऊन बसलं असतं. बाबांना हे कळत होतं की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ते टेबलावरचे पावाचे कण बोटानं एका जागी गोळा करत होते.

"सर? ऐकू येतंय ना?"

"येतंय," बाबा म्हणाले. "ओळख आहे. कामापुरती."

"म्हणजे आपसातलं काही...?"

"आपसातलं काही नाही."

"बरं. मग लेखाबद्दल आपलं मत काय? म्हणजे, दखल घेण्यासारखा आहे?"

"मी तपासलाय. बरोबर आहे. माझं चुकलंय."

मग सचिव म्हणाले की अशा परिस्थितीत समितीला फेरविचार करावा लागेल, सरांनी गैरसमज करून घेऊ नये, सरांबद्दलचा आदर तसाच आहे, वगैरे. बाबा 'हो, हो' म्हणत राहिले. शेवटी सचिवांनी विचारलं की नदीचं आता नक्की काय समजायचं.

"ते त्यांना विचारा," बाबा म्हणाले. "काठच्या गाळात जुनं साठून राहतं, त्याचे थर काढून बघता येईल, असं त्यांनी लिहिलंय. वेळ लागेल. ते काम त्यांचं आहे."

फोन बंद झाला. बाबांनी भिंग उचललं, परत ठेवलं. मला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी बसून राहिलो. हिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हिनं पुसलं नाही.

मग बाबा हिच्याकडे वळले. गेले कित्येक दिवस ते थेट हिच्याशी बोलले नव्हते. आणि त्याआधी, ही पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत आली तेव्हापासून, ते हिच्याशी फक्त 'अगं-तूगं' करत आले होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या लेखात तिसऱ्या पानावर एक आकडा चुकलाय. छापण्याआधी एकदा बघून घ्या."

हिनं कात्री बाजूला ठेवली, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि विचारलं, "कोणता, सर?"